माहेरचा आकडा

काम सहीपुरतंच होतं. अर्ज भरून तयार, डॉक्टरची सही झालेली, पट्ट्याचा आकडा चार, आणि पेन कुमुद धायगुडेच्या हातात. समोर बशीत सांजा ठेवलेला होता. त्यावरची वाफ केव्हाच निघून गेली, तरी कुमुदनं सांज्यालाही हात लावला नाही आणि कागदालाही नाही.

"पेन चालत नाही का?" रेवतीमॅडमनी विचारलं.

"चालतंय."

"मग घोडं कुठं अडलंय?"

ते कुमुदला नीट सांगता आलं असतं तर अडलंच नसतं.

गंमत बघा. गेली दहा वर्षं या दोघी एकमेकींशी भांडत आल्या होत्या आणि ते भांडण सगळ्या माणदेशाला पाठ झालं होतं. डॉक्टर रेवती राजोपाध्ये हिवरगावच्या रुग्णालयाच्या प्रमुख. बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं, हा त्यांचा हट्ट. कुमुद त्यांच्याच हाताखाली अठरा वर्षं सिस्टर होती. घरच्या बाळंतपणाचा कायदा आला तशी ती नोकरी सोडून शिकायला गेली आणि परवाना घेऊनच परतली. सरकारी कागदावर ती 'प्रसविका', लोकांत कुमुदताई. तिच्या हातावर घरोघरी चारशे सहा बाळंतपणं झाली होती, आणि त्यातल्या निम्म्यांना तरी मॅडमनी आधी नाक मुरडलं होतं.

आज सगळं उलटं होऊन बसलं होतं. घरीच होऊ दे म्हणून मॅडम कागद पुढे सरकवत होत्या, कारण दिवस भरले होते ते त्यांच्या एकुलत्या एका लेकीचे. आणि अडून बसली होती कुमुद.

"मावशी, आईला पटवायला मला तीन आठवडे लागलेत," झोपाळ्यावरून केतकी म्हणाली. "आता तू नवं काही काढू नकोस." तिच्या मांडीवर उशी, पाठीला लोड, पायाखाली पाट. हैदराबादला पूल बांधणारी ही इंजिनियर माहेरी आल्यापासून अगदी देव्हाऱ्यात बसवल्यासारखी बसली होती.

"मी काही काढत नाही गं. टेप लावली तर पोटाची उंची बारा दिवसांपूर्वी होती तेवढीच आहे."

"डोकं खाली उतरलंय, म्हणून," मॅडम म्हणाल्या. "हे तुला मी सांगायला हवं?"

"असेलही. पण मघाशी ती पाणी आणायला उठली, परत येऊन बसली, तेव्हा मी पोटावर हात ठेवला. बराच वेळ बाळ गप्प होतं."

"झोपलं असेल."

"असेल," कुमुद पुन्हा म्हणाली. तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वास चौदा महिन्यांपूर्वी डळमळला होता, आणि ते त्या खोलीतल्या तिघींनाही ठाऊक होतं.

आधी त्या पट्ट्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. त्याचं सरकारी नाव हातभर लांब होतं, ते कुणी घेत नसे. चार बोटं रुंद, मऊ, पोटाखालून बांधायचा, आणि आत टाचणीच्या टोकाएवढे साठ कान. बाळाचे ठोके आणि वारेतून वाहणारं रक्त, दोन्ही ते रात्रंदिवस ऐकत. वार म्हणजे पोटातल्या बाळाचं फुप्फुसही आणि स्वयंपाकघरही. आई वाकली, जिना चढली, हंडा उचलला की तिचं रक्त हातापायांकडे धावतं आणि वारेला घडीभर कमी पडतं. बाळाचे ठोके जरासे उतरतात. वार धडधाकट असेल तर लगेच सावरतात, थकलेली असेल तर सावरायला वेळ लागतो.

कळांमध्ये हेच होतं, फक्त कितीतरी पटीनं. दर कळेला बाळ जणू विहिरीत बुडी मारतं आणि दम राखून वर येतं. कुणाचा दम किती, हे पूर्वी कळा सुरू झाल्यावरच समजायचं, आणि कधी कधी फार उशिरा समजायचं. पट्टा ते आधीच ताडायचा. बाईची दिवसभराची उठबस हीच त्याची चाचणी. सात दिवसांत बाळ किती वेळा उशिरा सावरलं ते मोजून तो एक आकडा द्यायचा: अशा हजार बायका घरी बाळंत झाल्या तर किती जणींवर बिकट प्रसंग येईल. पंधराच्या आत असेल तर घरी परवानगी. दहाच्या आत असेल तर दवाखान्यालाही बंधन, उगाच सोनोग्राफी नाही, उगाच कळा आणणं नाही, उगाच पोट कापणं नाही. त्या एका आकड्यानं गावोगावची निम्मी ऑपरेशनं थांबवली होती. तो आकडा यावा म्हणून कुमुदनं मोर्चे काढले होते.

"अकराचे चार झालेत," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात डॉक्टरपेक्षा आई जास्त होती. "पाच आठवड्यांत. तिकडे रोज तीन मजले चढायची, साइटवर उन्हात उभी राहायची. इथे आल्यापासून मी तिला इकडची काडी तिकडे करू दिलेली नाही. बघ आकडा कसा उतरत गेला."

"म्हणूनच म्हणते, मॅडम. तिला जरा अंगण झाडू द्या. एवढंच. मी पोटावर हात ठेवून बघते आणि मग सही करते."

कुमुदची ही जुनी खोड. सही करण्याआधी ती बाईला घरातलं एखादं काम करताना बघायची. ती उंबऱ्यावर बसायची, बाई कणीक मळायची, पाणी भरायची, झाडायची, आणि मग कुमुद दहा मिनिटं पोटावर हात ठेवून गप्प बसायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुठल्या पुस्तकात लिहिलेलंही नव्हतं.

मॅडम हसल्या. "नऊ महिने भरलेल्या पोरीला खराटा देऊ? माहेरी आलेल्या लेकीला कुणी कामं सांगतं का, कुमुद?"

हेच वाक्य कुमुदनं आधी ऐकलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

चौदा महिन्यांपूर्वी राणी खरात नावाची पोर पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. पट्ट्याचा आकडा पाच. कुमुद उंबऱ्यावर बसून म्हणाली होती, पोरीला जरा झाडू द्या. राणीची आई म्हणाली, माहेरी आलेल्या लेकीला काम सांगू का ताई, आणि तिच्यापुढे रव्याचा लाडू ठेवला. कुमुदनं लाडू खाल्ला आणि सही केली. चौथ्या दिवशी कळा सुरू झाल्या, तासाभरात ठोके खाली गेले आणि वर आलेच नाहीत. गाडी दवाखान्यात पोचली तेव्हा बाळ गेलेलं होतं. चौकशीचा अहवाल मॅडमनी लिहिला. 'प्रसविकेकडून निर्णयास विलंब' असे त्यातले शब्द होते. त्यानंतर कुमुदनं बाळंतपणं केली, पण दर वेळी पोटावर ठेवलेला तिचा हात तिलाच परका वाटायचा.

"सोनोग्राफी तरी करा," ती म्हणाली.

"आकडा चार असताना? उद्या समिती विचारेल, स्वतःच्या लेकीसाठी नियम मोडला का म्हणून. दहा वर्षं तूच मला ऐकवत आलीस ना, उगाच तपासण्या करून बायकांना घाबरवू नका म्हणून? आता मी ऐकलं तर तुला नको झालंय." मॅडम थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू घाबरली आहेस, कुमुद. राणीच्या वेळेपासून. मी समजू शकते. पण त्याची शिक्षा केतकीला नको."

हे बोलणं वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. कुमुदनं पेनाला टोपण लावलं आणि ती उठली. मॅडम एवढंच म्हणाल्या, की उद्या दहाला तेजस्विनी येईल. तेजस्विनी कुमुदचीच शिष्या, हुशार, आणि आकड्याबाहेर न जाणारी. ती बसल्या बसल्या सही करणार, यात शंका नव्हती.

कुमुदचं केंद्र म्हणजे बाजारपेठेमागची दोन खोल्यांची जागा. खिडकीतून डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसायच्या. तिथं येऊन ती दुपारी जेवलीसुद्धा नाही. चारशे सहा बायकांच्या पट्ट्यांची सगळी नोंद संगणकात होती. माहेरी आलेल्या वेगळ्या काढ, असं तिनं त्याला सांगितलं. एकसष्ट निघाल्या.

मग तिनं त्यांचे आकडे एकाखाली एक लावले आणि बघतच राहिली.

दिवस भरत येतात तशी वार म्हातारी होते. म्हणजे शेवटच्या आठवड्यांत आकडा थोडा का होईना चढायला हवा. स्वतःच्या घरी राहिलेल्या बायकांचा तसाच चढत गेला होता, सात, आठ, नऊ. माहेरी आलेल्या एकसष्टांपैकी सत्तावन्न जणींचा मात्र उतरला होता. बारा, आठ, पाच. अकरा, सात, चार. राणी खरातचा अकरावरून पाचावर आला होता. आल्यापासून पंधरा दिवसांत निम्मा, जणू माहेरचा उंबरा ओलांडला की वार पुन्हा तरणीताठी होते.

"अगं बाई," कुमुद स्वतःशीच म्हणाली.

माहेरी बाई बसून असते. वाकत नाही, चढत नाही, उचलत नाही. वारेला कधी कमी पडतच नाही, म्हणून ठोके उतरत नाहीत. उतरतच नाहीत, तर उशिरा सावरायचे कुठून? पट्टा मोजतो उशिरा सावरल्याच्या वेळा. त्या शून्य. शून्याला पट्टा म्हणतो, छान, बाळ दणकट आहे.

पण मग हे पट्टा करणाऱ्यांच्या लक्षात कसं आलं नाही? तिनं पट्ट्याचं माहितीपुस्तक काढलं आणि चष्मा पुसून शेवटच्या पानांवरची बारीक अक्षरं वाचली. चाळीस हजार बायकांवर पट्ट्याची परीक्षा घेतली होती. खाली तळटीप होती, की परीक्षेच्या काळात ज्या महिलांचा पत्ता बदलला त्यांना यादीतून वगळण्यात आले आहे.

कुमुदनं ती ओळ तीनदा वाचली. पहिलटकरणी पत्ता बदलतात, कारण त्या माहेरी जातात. बाकीच्या जगात कुणी असं जात असेल नसेल, इथं तर सातवा सरला की पोरीची बॅग भरली जाते. ज्यांच्यासाठी पट्टा फसणार होता नेमक्या त्याच बायका यादीतून गळल्या होत्या, आणि त्यात कुणाची लबाडीसुद्धा नव्हती.

तिनं मॅडमना फोन लावला. त्या ओपीडीत होत्या.

"आकडा खोटा नाही, मॅडम. तो रिकामा आहे," कुमुद म्हणाली, आणि तिनं सगळं भराभरा सांगितलं.

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एवढं तरी त्यांच्याबद्दल म्हणायला हवं, की ऐकून न घेता त्यांनी कधी कुणाला उडवून लावलं नाही.

"किती बायका आहेत तुझ्याकडे?"

"एकसष्ट."

"आणि त्यांच्यातल्या किती जणींना त्रास झाला?"

"एकीला. राणीला."

"एक. मी एका केसवरून बोलायला लागले की तू काय म्हणायचीस? एका बाईवरून नियम होत नाही, मॅडम. आठवतं? विश्रांतीनं रक्तपुरवठा सुधारतो, कुमुद. आकडा उतरण्याचं ते साधं, सरळ कारण आहे. तू मुद्दा लिहून पाठव, मी समितीपुढे ठेवीन. पण राणीच्या वेळची चूक यंत्राच्या गळ्यात घालायला माझ्या लेकीचा उपयोग करू नकोस."

फोन बंद झाला. मॅडमचं बोलणं चूक नव्हतं. एकसष्टांवरून काहीच सिद्ध होत नव्हतं. आणि खरंच आपण स्वतःला सोडवायला बघतोय का, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला, तेव्हा नाही असं छातीठोक उत्तर तिला देता येईना. पण तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. उद्या दहाला सही होईल, मग कधीही कळा सुरू होतील, आणि केतकीचं बाळ बुडी मारेल. दम आहे की नाही, हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

केतकी जन्मली तेव्हा मॅडमच्या उशाशी कुमुद होती. ओल्या, निळसर पायांना धरून पहिला टाहो तिनंच ऐकला होता. ती उठली आणि तिनं पायांत चपला सरकवल्या.

चार वाजले होते. मॅडम अजून रुग्णालयातच होत्या. केतकी झोपाळ्यावर तशीच बसली होती, बाजूला डाळिंबाचे दाणे काढून ठेवलेली वाटी. कुमुद समोर खुर्ची ओढून बसली.

"केतकी, तुझ्या आईला न सांगता आलेय. तुला एक विचारायचंय. नाही म्हणालीस तर मी निघून जाईन, आणि उद्या तेजस्विनी सही करेल."

मग तिनं तिला सगळं सांगितलं. आकडे, तळटीप, राणी खरात, लाडू. स्वतःच्या भीतीबद्दलही सांगितलं, लपवलं नाही.

केतकीनं झोपाळ्याची कडी धरली. "मावशी, मला इथंच हवंय गं बाळंतपण. याच खोलीत. पोरगी असल्यापासून रुग्णालयाच्या क्वार्टरमध्ये वाढले मी. रोज बायकांचं ओरडणं आणि सिस्टरांचं त्यांच्यावर खेकसणं ऐकलंय. तू म्हणतेस तसं निघालं तर माझं सगळं गेलं."

"हो."

"आणि तुझं चुकलं असेल तर?"

"तर मी सही करीन. आणि परवाना परत करीन. हाताचा भरवसा गेलेल्या बाईनं हे काम करू नये."

केतकी थोडी हसली. "नवा पूल खुला करण्याआधी आम्ही काय करतो, माहितीये? वाळू भरलेले ट्रक आणून मधोमध उभे करतो. पूल किती वाकतो आणि ट्रक गेल्यावर किती वेळात सरळ होतो, ते मोजतो." ती बोलता बोलता थांबली. "पुलावर कुणी गेलंच नाही म्हणून पूल भक्कम आहे, असं कुणी लिहून दिलं, तर मी त्याला घरी पाठवेन."

तिनं उशी बाजूला ठेवली. "खराटा मागच्या दाराशी आहे. मोबाईल तू धर. त्यावर ठोके दिसतात."

अंगण काही मोठं नव्हतं. कडुनिंबाचा पाला पडला होता. केतकी वाकून झाडायला लागली, हळूहळू, सवय मोडलेल्या माणसासारखी. कुमुद बाजूनं चालत होती, एका हातात मोबाईल, खांद्याला पिशवी. एकशे बेचाळीस. एकशे चाळीस. अर्धं अंगण झालं. एकशे चौतीस. मनातल्या मनात कुमुद म्हणत होती, माझं चुकू दे. तिनं इतकं मनापासून काही मागितल्याला खूप दिवस झाले होते.

"दमलीस?"

"थोडी. गच्चीचा जिना पण चढते. होऊन जाऊ दे एकदाचं."

"सावकाश. मी मागे आहे."

केतकी चौदा पायऱ्या चढली, उतरली, आणि खालच्या पायरीवर बसली. त्याच वेळी फाटक वाजलं. मॅडम गाडीतून उतरल्या होत्या. त्यांनी पायरीवर धापा टाकणारी लेक पाहिली, भिंतीला टेकवलेला खराटा पाहिला.

"काय चाललंय हे? कुमुद, तुझी हिंमत कशी झाली?"

कुमुद मोबाईलकडे बघत होती. एकशे अठरा. एकशे दोन. एक्क्याण्णव.

"मी तुझा परवाना आजच्या आज रद्द करायला लावीन. माझ्या घरात, माझ्या मागे, माझ्या पोरीला..."

"आई, मी केलंय. तिनं विचारलं, मी हो म्हटलं."

शहाऐंशी. केतकी बसून मिनिट होऊन गेलं होतं. आता ठोके वर यायला हवे होते. कुमुद मनात सेकंद मोजत होती. सत्तर. ऐंशी. नव्वद. आकडा शहाऐंशीवरच घुटमळत होता. तिनं मोबाईल मॅडमपुढे धरला. त्यांनी तो हातानं दूर सारला.

"पट्टा सरकला असेल. आईचे ठोके पकडत असेल."

"हिचे एकशे दहा आहेत," केतकीच्या मनगटावर बोटं ठेवून कुमुद म्हणाली. मग तिनं पिशवीतून लाकडी नळी काढली, जुनी, नरसाळ्यासारखी, दोघी एकत्र कामाला होत्या तेव्हाची. "तुम्ही ऐका, मॅडम. माझ्यावर विश्वास ठेवू नका. पट्ट्यावरही नको. तुमच्या कानांनी ऐका."

मॅडम पायरीजवळ गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी नळी पोटाला लावली, कान टेकला, आणि डोळे मनगटावरच्या घड्याळाकडे लावले. केतकी आईच्या केसांकडे बघत होती. ती जागची हलली नाही.

मॅडमनी पूर्ण मिनिटभर ऐकलं. त्यांनी डोकं वर उचललं तेव्हा आई कुठे गेली कोण जाणे, समोर फक्त डॉक्टर होती.

"डाव्या कुशीवर वळव हिला. गाडीचं मागचं सीट पाड. मी थिएटरला फोन करते."

रस्त्यात ठोके हळूहळू वर आले, एकशे दहा, एकशे वीस. साडेपाच मिनिटं लागली होती. रुग्णालयाच्या फाटकात गाडी शिरता शिरता मोबाईल किणकिणला. पट्ट्यानं नवा आकडा दिला होता, त्र्याऐंशी. मॅडमनी तो वाचला आणि मोबाईल सीटवर पालथा ठेवला.

ऑपरेशन ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी केलं. मॅडम हात धुऊन उभ्या राहिल्या होत्या, पण लेकीच्या पोटावर आपल्याला सुरी चालवता येणार नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. त्या केतकीच्या उशाशी बसल्या. पोट उघडलं तेव्हा आतलं पाणी हिरवट आणि अगदी थोडं निघालं. मुलगी होती, सव्वादोन किलोची, मलूल. कुमुदनं तिला घेतलं, पुसलं, पाठ चोळली. वीस सेकंद गेले. चाळीस. मिनिट. कुमुदला स्वतःचे हात परके वाटायला सवडच नव्हती. सव्वा मिनिटानं त्या पोरीनं तोंड वाकडं करून असा काही टाहो फोडला, की कुमुद मटकन स्टुलावर बसली.

नंतर कुमुदनं वार ट्रेमध्ये घेऊन मॅडमना दाखवली. ती लहानशी होती, आणि अर्ध्याहून जास्त भाग पांढरट, दगडासारखा टणक. दोघींनी अशी वार आयुष्यात बऱ्याचदा पाहिली होती. अशा वारेवर बाळ कळा सोसत नाही.

मॅडम तो टणक भाग बोटानं दाबत राहिल्या. "राणीची वार तू दाखवायला आणली होतीस," त्या म्हणाल्या. "अशीच होती."

"हो."

"मी बघितली आणि लिहिलं, की प्रसविकेनं एक तास वाया घालवला."

चौदा महिने कुमुदनं या वाक्याची वाट पाहिली होती. आता ते आलं तर तिला नुसतंच रडू येत होतं, आणि ती सरळ रडली. मॅडमनी तिला रडू दिलं.

"तो अहवाल मी पुन्हा लिहिते. आणि खरातांच्या घरी मी स्वतः जाते. त्या आईला वाटत असेल, आपलं काहीतरी कमी पडलं. तिचं काही कमी पडलं नव्हतं, हे तिला कुणीतरी सांगायला हवं."

"जड जाईल ऐकायला. लाड केले म्हणून यंत्राला दिसलं नाही, हे कसं सांगणार?"

"मला सांगता येईल," मॅडम म्हणाल्या. "मीही तेच केलंय."

बाहेर अजून ऊन होतं. दोघी ड्यूटीच्या खोलीत आल्या. कुमुदनं केंद्रातली यादी मोबाईलवर उघडली. आज घडीला अकरा बायका माहेरी होत्या, सगळ्यांचे आकडे दहाच्या आत, सगळ्यांच्या अर्जांवर तिची सही, आणि माहेरचं म्हणून एकीलाही तिनं काम करताना पाहिलेलं नव्हतं.

"बंद करायला सांगणार का, मॅडम?" तिनं विचारलं. "घरची बाळंतपणं? तुम्ही एक पत्र लिहिलंत तर आज बंद होतील. दहा वर्षं तुम्हाला तेच हवं होतं."

मॅडमनी खिडकीतून पलीकडच्या खोलीकडे पाहिलं. केतकी झोपली होती. तिला हवं होतं ते मिळालं नव्हतं, आणि जागी झाल्यावर ती त्याबद्दल रडणार होती, हे आईला कळत होतं.

"पत्र मी पट्ट्याबद्दल लिहिते. तू फोन लाव. एकेकीला. तुझी ती झाडण्याची खोड आहे ना, ती आता सगळ्यांना लावू. आकडा पंधराच्या वर गेला की गाडी पाठवायची जबाबदारी माझी."

कुमुदनं पहिला नंबर लावला. खातवळीची पोर, आकडा सहा, तेरा दिवस राहिलेले. फोन तिच्या आईनं उचलला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"कुमुदताई बोलतेय. पोरगी कशी आहे?"

"मजेत आहे की ताई. आता शेवयांची खीर दिलीये. हलू देत नाही मी तिला जागची."

"बरं. एक काम करा. उद्या सकाळी मी येते, आठला. तेव्हा पोरीला अंगण झाडायला सांगायचं."

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली. ती बाई नवलानं म्हणाली, "अहो ताई, लेक माहेरी आलीये माझी."

"हो," कुमुद म्हणाली. "माहेरी आलीये म्हणूनच सांगतेय."